परिचारिकेचे शिक्षण आणि वेदनेची भाषा

गाणगापूर हे नाव उच्चारताच गोव्यातील आणि कोकणपट्टीतील हिंदू घरांत हात आपोआप जोडले जातात. भीमा-अमरजेच्या संगमावरील त्या क्षेत्री आपल्याकडील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. कुणी दत्तजयंतीला, कुणी गुरुप्रतिपदेला, कुणी नवस फेडायला, कुणी दारोदार माधुकरी मागायला, आणि पुष्कळदा घरातील एखाद्या असाध्य दुखण्याचे गाऱ्हाणे निर्गुण पादुकांपाशी घालायला. हे गाणगापूर कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात आहे. शेजारच्या बिदर जिल्ह्यात, हुमनाबादेजवळ, माणिकप्रभूंचे माणिकनगर आहे. यात्रेकरू म्हणून आपण त्या भूमीकडून पुष्कळ घेतले. परंतु त्याच भूमीत जन्मलेला माणूस आजारी पडतो, त्याचे दुखणे हाताबाहेर जाते आणि मोठ्या शहरांतले डॉक्टर हात टेकतात, तेव्हा त्याचे पुढे काय होते याची विचारपूस आपण क्वचितच केली असेल. आज ती करावी असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न दिसायला दूरच्या दोन जिल्ह्यांचा असला तरी वस्तुतः तो आपल्याही घराच्या माजघरातला आहे.

बिदर आणि कलबुर्गी हे जुन्या निजाम राज्यातील जिल्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे आले, काही भाग आंध्रात गेला, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. औराद, भालकी, बसवकल्याण या भागांत आणि कलबुर्गीच्या आळंद तालुक्यात आजही मराठी घरोघर बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार बिदर जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांवर आणि कलबुर्गीची २५ लाखांवर होती. या मुलखातल्या माणसाला कर्करोग झाला तर तो कोठे जातो? कलबुर्गीत बंगळूरच्या किडवाई संस्थेचे उपकेंद्र आहे. त्यापलीकडे कुणी हैदराबादेस, कुणी सोलापुरास, कुणी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातो. बंगळूर तर बिदरपासून सुमारे ७०० किलोमीटर. शेत गहाण पडते, बैल विकले जातात, आणि कित्येकदा या साऱ्या धावपळीच्या शेवटी एकच वाक्य ऐकायला मिळते, "आता यांना घरी घेऊन जा."

या वाक्यापाशी वैद्यक संपते, पण दुखणे संपत नाही. खरे पाहता ते तेथूनच सुरू होते. ओसरीवर टाकलेल्या बाजेवर माणूस पडून राहतो. रात्र रात्र कण्हतो. जखमेला दुर्गंधी सुटते, नातवंडांना जवळ येऊ दिले जात नाही, शेजारी दारातूनच चौकशी करून परततात. गावच्या उपकेंद्रात परिचारिका असते. तिला बोलावले तर ती येते, रक्तदाब पाहते, एखादी साधी वेदनाशामक गोळी देते आणि खाली मान घालून निघून जाते. ती निर्दय नसते. अशा रुग्णासाठी काय करता येते, हे तिला कुणी शिकवलेलेच नसते.

हे जे करता येते त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत त्यास उपशामक शुश्रूषा म्हणावे. रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदना, धाप, मळमळ, जखमा, निद्रानाश, भय आणि कुटुंबाची फरफट यांचे शमन करणे हा या शास्त्राचा विषय आहे. लॅटिन भाषेत 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. थंडीत कुडकुडणाऱ्यावर कुणी आपली घोंगडी टाकावी, तसा हा उपचार. थंडी त्याने जात नाही, पण कुडकुडणे थांबते. या शास्त्राचा आधुनिक पाया ज्यांनी घातला त्या सिसिली साँडर्स या मुळात परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे शुश्रूषा सोडावी लागली तेव्हा त्यांनी रुग्णालयात समाजसेविकेचे काम केले, पुढे वयाच्या अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारले. माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची, पैशाची, नातेसंबंधांची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, हा त्यांचा सिद्धांत आज जगभर मान्य आहे.

आपल्याकडे हा विचार नवा आहे असे मात्र कुणी समजू नये. आयुर्वेदाने रोगांची वर्गवारी करताना साध्य आणि असाध्य असे दोनच कप्पे केले नाहीत. बरा होत नाही पण आवरता येतो, अशा रोगाला त्याने 'याप्य' हे स्वतंत्र नाव दिले. चिकित्सेचे चार पाय सांगताना वैद्य, औषध आणि रुग्ण यांच्या बरोबरीने 'उपस्थाता' म्हणजे शुश्रूषा करणारा यालाही चरकाने स्थान दिले आणि त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममता आणि शुचिता हे गुण असावेत असे सांगितले. ममतेच्या आधी ज्ञान सांगितले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नुसती ममता बाजेवरच्या माणसाचा ठणका थांबवू शकत नाही.

हे ज्ञान आजच्या परिचारिकेच्या शिक्षणात कितपत आहे? या संदर्भात कर्नाटकाच्याच किनारपट्टीवरील एका पाहणीचा दाखला देण्यासारखा आहे. उडुपी जिल्ह्यातील परिचर्या पदविकेच्या तिसऱ्या वर्षाच्या ८३ विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांची या विषयातील जाण तपासण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली भारतीय उपशामक शुश्रूषेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 'पॅलिएटिव्ह केअर' ही संज्ञा शिक्षणकाळात कानावर पडलेले विद्यार्थी ४३.४ टक्के, म्हणजे ८३ पैकी केवळ ३६ निघाले. ७९.५ टक्क्यांचे ज्ञान निकृष्ट ठरले. आणि तरीही ९२.८ टक्के विद्यार्थ्यांचा या कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अनुकूल होता. उडुपी हा मणिपालचा जिल्हा. वैद्यक आणि परिचर्या यांच्या शिक्षणासाठी देशभरातून मुले तेथे येतात. दिव्याखालीच जर एवढा अंधार असेल, तर दिव्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या औराद-आळंदची कल्पना वाचकांनीच करावी.

या तीन आकड्यांतला तिसरा आकडा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवी पिढी स्वार्थी झाली, मुली केवळ आखातात वा विलायतेत नोकरी मिळावी म्हणून नर्सिंगला जातात, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ८३ पैकी ७७ जणांनी मरणोन्मुख माणसाची सेवा करण्याबद्दल अनुकूलता दर्शवावी, यात त्या तक्रारीचे उत्तर आहे. इच्छा आहे, पण विद्या नाही. आणि विद्या नसण्याचा दोष विद्यार्थ्याचा कधीच नसतो. तो शिकवणाऱ्यांचा आणि शिकवण्याची व्यवस्था करणाऱ्यांचा असतो.

सरकारी बाजूने असे सांगण्यात येईल की ही जुनी गोष्ट झाली. ते काही अंशी खरे आहे. केंद्र सरकारने २०१२ साली उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. केरळने २००८ साली, महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१६ साली या विषयाचे धोरण स्वीकारले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर गावोगावच्या उपकेंद्रांची आरोग्य केंद्रे करून त्यांच्या कामांच्या यादीत वृद्धांची व मरणोन्मुखांची शुश्रूषा घालण्यात आली. २०२१ साली भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुधारला, त्यातही हा विषय आला. कागदावर पाहिले तर उणे काही नाही. परंतु कागदावरून वॉर्डात आणि वॉर्डातून घरात जाणारी वाट अजून बांधायची आहे. आपल्या देशात जे परीक्षेत विचारले जात नाही ते शिकवले जात नाही आणि जे शिकवणाऱ्यानेच कधी पाहिले नाही ते पुस्तकातून वाचून दाखवले जाते. ज्या शिक्षिकेने स्वतः मॉर्फिनवरचा एकही रुग्ण सांभाळलेला नाही, ती विद्यार्थिनींना व्याख्या पाठ करायला सांगेल, यात नवल ते काय?

आणि हा विषय व्याख्येने येणारा नाही. त्याची सुरुवात वेदना ओळखण्यापासून होते, आणि वेदना ओळखायची तर रुग्णाची भाषा यावी लागते. येथे सीमाभागाचा प्रश्न विशेष बिकट होतो. विद्यार्थिनी इंग्रजी पुस्तकातून शिकते. ती बहुधा कन्नड बोलते, काही वेळा केरळातून आलेली असल्याने मल्याळम. समोरचा रुग्ण मराठी, उर्दू-दखनी नाहीतर लमाणी बोलणारा. पुस्तक तिला सांगते की रुग्णास शून्य ते दहा या मापात वेदना विचारावी. औरादची म्हातारी दहाच्या मापात वेदना सांगत नाही. ती म्हणते, ठणका लागलाय. म्हणते, कळ येते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, पोटात मुरडा पडतो, गळू ठसठसते. आपल्या मायबोलीने वेदनेचे हे जे पदर वेगळे केले आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. आग, मुंग्या आणि विजेसारखी चमक ही नसांच्या वेदनेची खूण. तीवर नेहमीची गोळी पुरत नाही, झटक्यांवर वा नैराश्यावर वापरली जाणारी काही औषधे लागू पडतात. हाडात पसरलेल्या रोगाचा ठणका सूज उतरवणाऱ्या औषधाने आणि किरणोपचाराच्या एखाद्या मात्रेनेही कमी होऊ शकतो. आतड्याच्या मुरड्याला पेटके सोडवणारे औषध हवे. ठसठस असेल तर पू झाला आहे काय हे पाहावे लागते. म्हातारीने निदान अर्धे सांगून टाकलेले असते. ऐकणारीला ते कळत नाही, म्हणून वहीत फक्त 'वेदना आहे' एवढीच नोंद होते. बिदर-कलबुर्गीच्या प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात कन्नड, मराठी, दखनी व लमाणी या चारही बोलींतील दुखण्याच्या शब्दांची एक छोटी पुस्तिका विद्यार्थिनीच्या हाती असली पाहिजे. तिला खर्च किती येईल? एखाद्या उद्घाटन समारंभातील हारतुऱ्यांहून अधिक खचित येणार नाही.

दुसरा मुद्दा औषधाचा. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जगमान्य, जुने आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच त्याची पद्धत घालून दिली. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, वेदना उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे, आणि सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे पायरीपायरीने जावे. भारत हा कायदेशीररीत्या अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात हे औषध रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, २०१५ साली नियम सुटसुटीत झाले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस मॉर्फिन ठेवणे सुकर झाले. कायद्याची गाठ सुटली, मनातली गाठ सुटली नाही. मॉर्फिन दिले की माणूस व्यसनी होतो, मॉर्फिन दिले की श्वास थांबतो, मॉर्फिन म्हणजे शेवटचे औषध, या समजुती घरच्यांच्या मनात असतात, तशाच परिचारिकेच्याही असतात. वेदनेच्या प्रमाणात, हळूहळू मात्रा वाढवत दिलेल्या मॉर्फिनने असे होणे विरळा, त्याने बद्धकोष्ठ मात्र हटकून होते आणि म्हणून रेचक सोबत द्यावेच लागते, एवढे साधे व्यवहारज्ञान विद्यार्थिनीला मिळाले तरी शेकडो माणसांच्या रात्री सुसह्य होतील. भीतीपोटी मात्रा चुकवणारी परिचारिका आपण रुग्णाचे रक्षण करीत आहोत असे समजते, आणि रुग्ण भिंतीकडे तोंड करून पहाटेची वाट पाहत राहतो.

तिसरी गोष्ट जखमेची. तोंडाचा कर्करोग आपल्या देशातील पुरुषांत अग्रभागी आहे. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या या मुलखाला हे सांगायला नको. गालाबाहेर फुटलेल्या अशा जखमेची दुर्गंधी हे रुग्णाचे सर्वांत मोठे दुःख असते, कारण ती त्याला जिवंतपणीच घराबाहेर काढते. मेट्रोनिडॅझोल या नित्य वापरातल्या गोळीची पूड जखमेवर टाकून पट्टी बांधली तर ही दुर्गंधी पुष्कळ कमी होते. काही रुपयांचे हे औषध आणि दहा मिनिटांची ही पट्टी. पण तिच्यामुळे नातू आजोबांच्या बाजेवर येऊन बसतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, सुजलेल्या हाताचे मर्दन, लघवीच्या नळीची निगा, हे सारे परिचारिकेने स्वतः करावे आणि सुनेला, मुलाला शिकवावे, असे हे शास्त्र सांगते. डॉक्टर आठवड्यातून एकदा आला तरी चालेल, परंतु परिचारिकेवाचून या शास्त्राचे पानही हलत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. "सिस्टर, मी बरा हुईन का न्हाई, खरं सांगा," असे एखादा वृद्ध विचारतो. बाहेर मुलाने हात जोडून बजावलेले असते की त्यांना काही सांगू नका. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी या दोघांमध्ये उभी असते. खोटे बोलावे तर रुग्णाचा विश्वास जातो. खरे एका दमात सांगून टाकावे तर क्रौर्य होते. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी ऐकून घ्यावे, मुलाला विश्वासात घ्यावे, राहिलेल्या दिवसांत कोणाला भेटायचे आहे, कोणते देणे-घेणे मिटवायचे आहे, गाणगापूरला एकदा जायचे आहे काय, हे विचारावे, हेही एक कौशल्य आहे आणि ते शिकवता येते. त्याचप्रमाणे त्या मुलीने पाहिलेल्या पहिल्या मृत्यूबद्दल तिच्याशी कुणीतरी बोलले पाहिजे. आपल्या वसतिगृहांत हे होत नाही. मुलगी रात्री उशीत तोंड खुपसून रडते, आणि पुढच्या वेळी रडू येऊ नये म्हणून मन घट्ट करून घेते. परिचारिकांच्या ज्या कोरडेपणाबद्दल आपण कुरकुरतो, त्याचा उगम पुष्कळदा येथे असतो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, जेथे बाळंतपणाची आणि बालकांची सोय धड नाही, तेथे मरणाऱ्यांची चैन कशाला? आमच्या मते हा आक्षेप हिशेबाच्या कसोटीवरही टिकत नाही. निष्फळ तपासण्या आणि शेवटच्या पंधरवड्यातील अतिदक्षता विभाग यांवर गरीब कुटुंब जे कर्ज काढते, त्यानेच पुढे त्या घरातल्या बालकाची शाळा सुटते. वेळीच मिळालेली घरची शुश्रूषा हे कर्ज टाळते. दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे घरचे लोक सेवा करतातच. करतात, हे खरे. पण ऊसतोडीला गेलेला मुलगा, पुण्यात वा हैदराबादेत बांधकामावर असलेली सून, आणि घरी राहिलेली साठीची म्हातारी, असे आज त्या भागातील कित्येक घरांचे चित्र आहे. सेवा करणारी व्यक्तीच जेथे थकलेली आहे, तेथे तिच्या हातांना कुणीतरी हात लावला पाहिजे.

तिसरा आक्षेप मोठ्याने कुणी बोलत नाही, पण तो आपल्या हिंदू मनात खोल रुजलेला आहे. प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवावे लागतात, मग वेदना कमी करून काय साधणार? हा वेदान्त आपण नेहमी दुसऱ्याच्या दुखण्यापाशी सांगतो, स्वतःचा दात दुखू लागला की आपण रात्रीच डॉक्टरचे दार ठोठावतो. भोग ज्याचा त्याचा असेल, परंतु समोर कण्हणाऱ्याला पाहून आपण काय करतो, ते आपले स्वतःचे कर्म असते. बसवकल्याणच्या भूमीत बाराव्या शतकात बसवेश्वरांनी श्रमालाच पूजेचा मान दिला आणि मिळवलेले समाजाला वाटण्याचा दासोह शिकवला. त्याच भूमीत रुग्णाची मलमूत्राची घाण काढणारे हात हलके मानले जावेत, हे त्या वारशाला शोभत नाही. आणि हा दोष केवळ तिकडचा नाही. विटाळाच्या कल्पनांमुळे आपल्या समाजाने परिचारिकेचा पेशा दीर्घकाळ दूर ठेवला. ख्रिस्ती भगिनींनी तो वाहिला. पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदनातून हिंदू स्त्रियांना या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा त्यांना केवढ्या लोकापवादाला तोंड द्यावे लागले, हे विसरता येणार नाही.

आता राजकारणाविषयी दोन शब्द. सीमाभागावरील महाराष्ट्राचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपली महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमेवरील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, आणि कर्नाटक सरकारने त्यास कडाडून हरकत घेतली, हे वाचकांस स्मरत असेल. त्या गावांत बिदर आणि कलबुर्गीतीलही गावे आहेत. योजनेचा भर रुग्णालयातील शस्त्रक्रियांवर व उपचारांवर. रुग्णालयाने परत पाठवलेल्या आणि घरी पडून असलेल्या माणसाच्या वेदनेचा प्रश्न त्या वादात कुठल्याच बाजूने मांडला गेला नाही. दोन्ही सरकारांना सीमाभागातील माणसाबद्दल खरोखरच जिव्हाळा असेल, तर त्यांनी याच एका विषयात स्पर्धा करावी. लातूर-सोलापूरकडे उपचार घेतलेल्या औरादच्या रुग्णाची कागदपत्रे आणि त्याची औषधे औरादच्या केंद्रात ग्राह्य मानली जावीत, एवढा साधा करार करण्यास कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहण्याची गरज नाही.

हे होऊ शकते, याचे प्रमाण आपल्याच किनाऱ्यावर आहे. १९९३ साली कालिकतमध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या संस्थेतून काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात सामान्य नागरिकांनी ते आपल्या हाती घेतले, आणि आज केरळात स्थानिक संस्थांच्या आधाराने परिचारिका घरोघर जाते. त्या साऱ्या व्यवस्थेचा कणा डॉक्टर नाही, प्रशिक्षित परिचारिका आहे. आफ्रिकेतील युगांडा हा आपल्याहून गरीब देश. तेथे डॉक्टर कमी म्हणून रुग्णांना तळमळत ठेवण्याऐवजी २००४ साली खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार देण्यात आला. शेजारच्या तेलंगणानेही जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे काढली. बिदरच्या वेशीपर्यंत आलेला हा प्रवाह वेशीवर थांबण्याचे कारण नाही.

कायदा तर पुढे निघून गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ साली त्याची कार्यपद्धती सोपी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्या निर्णयाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. निष्फळ उपचार थांबवण्याचा निर्णय वैद्यकीय मंडळे घेतील, सह्या होतील. परंतु यंत्र थांबल्यानंतर त्या माणसाचा घसा कोरडा पडू नये, त्याला धाप लागू नये, त्याचा हात कुणाच्या तरी हातात असावा, हे कोण पाहणार? हा सारा कायदा ज्या खटल्यापासून घडत आला, तो खटलाच एका परिचारिकेचा होता. उत्तर कन्नडमधील हळदीपूरच्या अरुणा शानभाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर त्यांनी शय्याव्रण होऊ दिला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात आदराने घेतली. शुश्रूषा म्हणजे काय, याचा धडा कोकणच्या या कन्येच्या खाटेशेजारी लिहिला गेला आहे. तो प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात वाचला गेला पाहिजे.

आणि आपण गोमंतकीयांनी स्वतःकडेही पाहावे. १९८६ साली मुंबईत डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस काढले. त्याची शाखा लोटलीत आहे. तेथे कोणत्याही धर्माच्या रुग्णाची सेवा होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपल्या अंतिम उपचारांविषयीचे इच्छापत्र जाहीरपणे नोंदवून गोव्यात पायंडा घातला. बांबोळीच्या गोमेकॉत कारवारपासून सिंधुदुर्गापर्यंतचे रुग्ण येतात आणि शेवटी आपापल्या गावी परततात. काणकोणच्या वा पेडण्याच्या वाड्यावर परतलेल्या अशा रुग्णाकडे मॉर्फिनची जाण असलेली परिचारिका पोहोचते काय, हा प्रश्न आपल्या आरोग्य खात्याला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

बिदर-कलबुर्गीपुरत्या आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाने या विषयावर लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षांत प्रश्न अनिवार्य करावा. प्रत्येक विद्यार्थिनीने निदान दोन आठवडे उपशामक विभागात काम करावे आणि एका रुग्णाच्या घरी शेवटपर्यंत जात राहावे. परिचर्येच्या शिक्षिकांना आधी केरळात वा बंगळूरच्या करुणाश्रयासारख्या संस्थेत पाठवून शिकवून आणावे. दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुका रुग्णालयात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा. घटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये या मागास भागासाठी विकास मंडळ आहे, त्याच्या निधीतून तालुक्याला एक गाडी आणि दोन परिचारिका एवढी तरतूद करणे अवघड नाही. आज वर्गात बसलेली मुलगी उद्या उपकेंद्राची आरोग्य अधिकारी होणार आहे. ती आज जे शिकेल, तेवढेच उद्या गावाला मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना या शुश्रूषेची गरज भासते, आणि त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती लाभते. उरलेल्यांत औरादचा शेतकरी आहे, आळंदची म्हातारी आहे, आणि उद्या कदाचित आपणही असू. पुढच्या दत्तजयंतीला गाणगापूरच्या वाटेवर जाताना एखाद्या खेड्याच्या ओसरीवर बाज दिसली, तर यात्रेकरूने क्षणभर थांबावे आणि त्या बाजेशेजारी कुणी शिकलेली मुलगी बसलेली आहे काय, एवढे पाहावे. ती तेथे असावी, यासाठी जे शासनाला, विद्यापीठांना आणि समाजाला करावे लागेल, ते करण्यास आता विलंब होऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.